लेकराच्या खोलीतला अंधार

औशातल्या जुन्या घरांना पडद्याची गरजच नव्हती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद आणि खिडकी म्हणजे वरच्या अंगाला ठेवलेला झरोका. भर दुपारी मधल्या खोलीत पाऊल टाकलं तरी डोळे सरावायला वेळ लागायचा. लेकरू पाळण्यात घातलं, कवाड लोटलं की झोपलंच ते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच जड भिंती, तीच मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आमच्या औसा तालुक्यातली आणि शेजारच्या उमरगा भागातली हजारो माणसं गेली. बावन्न गावं उठून नव्या जागी वसली. त्यानंतर जो तो सिमेंटचं घर बांधायला लागला. पातळ भिंत, वर स्लॅब, चार बाय चारची खिडकी आणि तिला सरकत्या काचा. घरं सुरक्षित झाली, उजेडाची झाली, आणि ते चांगलंच झालं. फक्त तो उजेड आता लेकराच्या उशीपर्यंत पोचतो.

मी औशात पडदे शिवते. अलीकडे एक मागणी वरचेवर येते. नवीन बांधलेल्या घरात मुलांसाठी वेगळी खोली काढलेली असते, आई मोबाईलवरचा फोटो दाखवते आणि म्हणते, “ताई, लेकरू साडेपाचलाच उठून बसतंय. एकदम काळाकुट्ट पडदा द्या. ते ब्लॅकआउट म्हणतेत ते.” मी कापडाचा गठ्ठा काढत नाही. आधी विचारते, उजेड येतो कुठून? बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी त्यांना एक काम देते. रात्री नऊनंतर खोलीतला दिवा बंद करायचा, लेकराच्या उशीवर स्वतःचं डोकं टेकायचं आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. डोळे अंधाराला सरावले की खोली आपोआप दाखवून देते. पहाटे साडेपाचलाही हेच करायचं.

हायवेच्या बाजूला राहणाऱ्या एका जोडप्याने हे करून पाहिलं. नागपूर-रत्नागिरी रस्ता औशावरून जातो, रात्रभर ट्रक चालू. त्यांची खात्री होती की ट्रकच्या उजेडानेच पोरगी उठते. उशीवर डोकं टेकल्यावर कळलं की ट्रकचा उजेड छतावरून सरकून जातो, मुलीच्या तोंडावर येतच नाही. तोंडावर येत होता तो दारावरच्या व्हेंटिलेटरमधून, हॉलमधल्या ट्यूबचा. आजोबा अकरापर्यंत टीव्ही बघत बसायचे. त्या घराला मी खिडकीचा पडदा शिवलाच नाही. व्हेंटिलेटरच्या काचेवर जाड कापडाचा एक तुकडा बसवून दिला आणि हॉलमध्ये ट्यूबऐवजी पिवळा दिवा लावायला सांगितलं.

आपल्याकडचं कारण आणि परदेशातलं कारण वेगळं आहे, हे ध्यानात घेतलं की निम्मी निवड सोपी होते. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. तिथं राहणाऱ्या मराठी घरांत ब्लॅकआउट पडदा ही गरज आहे, कारण लेकराला निजवायचं ते बाहेर लख्ख ऊन असताना. औसा अठरा अंशावर आहे. आपला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक. मे-जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या पुढेमागे उगवतो आणि सातला मावळतो. म्हणजे निजायच्या वेळी आपल्याकडे बाहेर अंधारच असतो. त्रास देतात ते तीन उजेड: पहाटेचं तांबडं फुटणं, भर दुपारचं ऊन आणि रात्रीचा खांबावरचा दिवा. हा तिसरा नवीन आहे. 2015 पासून देशभर सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी बसत गेले. रस्ता स्वच्छ दिसतो, बायाबापड्यांना रात्री जायला-यायला धीर येतो, ते कुणी नाकारू नये. पण खांब खिडकीसमोर असेल तर तो पांढरा झोत थेट पलंगावर पडतो. दिव्याला खिडकीच्या बाजूने आडोसा लावून मिळतो का, हे नगरपरिषदेत एकदा विचारून पाहावं. पडद्याच्या आधीचा तो उपाय आहे.

उजेडाने झोपेचं एवढं काय बिघडतं, असं सासवा विचारतात. आपल्या डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज काही पेशी अशा असतात की त्यांचं काम फक्त उजेड आहे की नाही हे मेंदूला कळवणं. निळसर-पांढऱ्या उजेडाला त्या जास्त जाग्या होतात. उजेड आहे असा निरोप गेला की मेंदू मेलाटोनिन सोडणं आवरतो, आणि मेलाटोनिन म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं द्रव्य. लहान मुलांची बाहुली मोठी आणि डोळ्यातलं भिंग नितळ असतं, म्हणून तेवढाच दिवा त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांवर हे पाहिलं. मुलांच्या घरी जाऊन त्यांनी खिडक्यांना काळं प्लॅस्टिक लावलं, दिवे बदलून मंद बसवले आणि मग एका संध्याकाळी तासभर प्रकाशाच्या टेबलावर मुलांना चित्रं रंगवायला बसवलं. मेलाटोनिन जवळजवळ 88 टक्क्यांनी घटलं, आणि दिवा बंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांचं निम्म्यावरदेखील आलं नव्हतं. हे 2018 साली छापून आलं. त्याच गटाने 2022 मध्ये 36 मुलांचा अभ्यास मांडला. त्यात अगदी मंद, पाच ते चाळीस लक्सच्या उजेडानेही सरासरी 78 टक्के घट दिसली. पाच-दहा लक्स म्हणजे किती? पलीकडच्या खोलीतला दिवा अर्ध्या उघड्या दारातून आत येतो, साधारण तेवढा.

हा प्रयोग झोपायच्या आधीच्या, उघड्या डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाचा आहे, हे मी प्रत्येकीला सांगते. लेकरू अकरापर्यंत झोपत नाही म्हणून पडदा हवा असेल तर माझा पडदा उपयोगाचा नाही. त्याला रात्री आठनंतर ट्यूब, टीव्ही आणि मोबाईल बंद करणं लागतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पडदा कामाला येतो तो पहाटे, दुपारी आणि खांबाच्या उजेडाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये सांगितलं. आपल्याकडेही हा विषय वरपर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश दिला. लेकराला पहाटेची ती तास-दीड तासाची झोप मिळावी म्हणून शाळा मागे सरकली. खिडकीनेही साथ द्यायला हवी.

आता कापड. “ब्लॅकआउट” असं गठ्ठ्यावर लिहिलेलं सगळंच ब्लॅकआउट नसतं. आमच्याकडचे शेतकरी रोपवाटिकेची हिरवी शेडनेट घेताना पन्नास टक्के का पंच्याहत्तर टक्के, हे अचूक विचारतात. पडद्याच्या कापडाचं तसंच आहे. एक प्रकार नुसता जाड विणीचा, उजेड मंद करणारा. दुसरा, ज्याच्या विणीतच मधे काळा धागा घातलेला असतो. तो बराच उजेड अडवतो, हाताला मऊ लागतो आणि धुता येतो. तिसरा लेप दिलेला. कापडाच्या पाठीवर फेसासारखा थर चढवतात, पांढरा, मग काळा, मग परत पांढरा. हा पूर्ण अंधार करतो. दुकानात मोबाईलचा टॉर्च लावा, कापडाची एकच घडी त्यावर ताणून धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. लेपाच्या चांगल्या कापडातून काहीच दिसत नाही. काळ्या धाग्याच्या कापडातून दिव्याचा पुसट गोल दिसतो. ठिपके-ठिपके दिसले तर लेप पातळ आहे, ते कापड घेऊ नका. आणि रंग काळाच हवा हा गैरसमज आहे. अंधार करतो तो मधला थर, त्यामुळे समोरून बदामी घ्या, फिकट निळा घ्या, फरक पडत नाही. पाठ मात्र पांढरी हवी, म्हणजे ऊन थोडं तरी परत फिरतं.

माझं मत विचाराल तर लहान मुलाच्या खोलीला मी काळ्या धाग्याच्या विणीचं कापड देते, लेपाचं नाही. लेपाचं कापड नवं असताना वास येतो. ते घेतलंच तर बसवण्याआधी चार दिवस ओसरीवर वाऱ्यावर टाकावं. ते मशीनमध्ये पिळता येत नाही, पाठीवर गरम इस्त्री चालत नाही, घडीच्या रेषेवर पुढे थर तडकतो. आणि आपल्याकडची धूळ! रब्बीची रास चालू असताना काळ्या रानाची बारीक धूळ खिडकीतून येऊन पडद्यात बसते. ज्या घरात लेकराला शिंका नाहीतर दमा आहे तिथं धुता न येणारा पडदा टांगणं मला पटत नाही. पूर्ण अंधार हवाच असेल तर लेपाच्या कापडाचं वेगळं अस्तर करावं. घरातला आहे तो पडदा पुढे, अस्तर मागे, आणि दोन्ही फक्त वरच्या पट्टीला जोडलेले. अस्तर बाजूंना शिवायचं नाही, कारण त्या कापडाला सुई जिथं जाते तिथं भोक राहतं. सकाळचं ऊन आलं की टाक्यांची रांग चांदण्यांसारखी चमकते, मग आई म्हणते पडदा फसवा निघाला. तेवढ्यासाठी मी बारीक सुई वापरते आणि टाके कमीत कमी ठेवते.

कापडापेक्षाही जास्त उजेड कडांमधून येतो. चार फुटांच्या खिडकीला चार फुटांचाच पडदा लावला तर चारी बाजूंनी उजेडाच्या पट्ट्या येतात, मग कापड कितीही भारी असो. दांडा दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच पुढे जायला हवा, म्हणजे पाच फूट. चोपन्न इंच पन्ह्याचे दोन पन्हे घेतले तर नऊ फूट कापड होतं, दुमडीत जाऊन साडेआठ उरतं, आणि पाच फुटांच्या दांड्यावर चुण्या पडायला तेवढं पुरे. दोन पल्ले मधे एकमेकांवर चार इंच चढले पाहिजेत. सध्या सगळ्यांना रिंगवाले पडदे हवे असतात. दिसतात छान, पण दर दोन रिंगांमध्ये वर फट राहते. मुलाच्या खोलीला जुन्या पद्धतीचा नेफ्याचा पडदा बरा, किंवा रिंगवाल्यावर एक हातभर झालर. कडेला भिंतीवर वेल्क्रोची पट्टी लावली की बाजूची फट बंद होते, भाड्याच्या घरातही चालते. लाकडी पेल्मेटची जड पेटी मी पलंगाच्या वर बसवू देत नाही. किल्लारीच्या मुलखात राहणाऱ्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

आणि इथंच आपल्या भागातली खरी अडचण येते, हवेची. परदेशातल्या जाहिरातीत ब्लाइंड खिडकीला चिकटून बसतो, फट नावाला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना औशात असा ब्लाइंड लावून बघा. लेकरू उजेडाने उठणार नाही, घामाने उठेल. लाईट गेली, पंखा थांबला, तर ती खोली भट्टीच. कूलर असेल तर आणखी एक गोष्ट. कूलर एका खिडकीतून हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला दुसरी वाट लागते. ती वाट पडद्याने बुजवली की खोली दमट होते, अंथरूण ओलसर लागतं आणि गारवाही येत नाही.

यातून वाट निघते ती एका साध्या गोष्टीमुळे: उजेड सरळ जातो, हवा वळते. म्हणून दांडा भिंतीपासून चार-सहा इंच पुढे घ्यावा, पडदा खिडकीच्या खाली सहा-आठ इंच उतरवावा आणि खालची कड मोकळी सोडावी. खांबावरचा दिवा खिडकीपेक्षा उंच असतो. त्याचा उजेड खाली येतो, खालच्या फटीतून आला तरी फरशीवर पडतो, लेकराच्या डोळ्यांवर नाही. वाहनांचा झोत खालून वर येतो आणि वरच्या फटीतून छतावर जातो, म्हणून रस्त्याकडेच्या घराला झालर आवश्यक. खांबाच्या घराला नाही. पलंग खिडकीसमोरून काढून खिडकीच्याच भिंतीला, पण खिडकीपासून दूर सरकवला तर पुष्कळदा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

दुपारच्या उन्हाचं गणित निराळं आहे. काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते, काच आणि पडदा यांच्यामध्ये तापत बसते. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं. छज्जा मोठा असावा, नसेल तर ग्रिलला बाहेरून शेडनेट नाहीतर बांबूची चटई बांधावी. पश्चिमेच्या खिडकीला तर आधी हेच, पडदा नंतर. काही जण काचेलाच आतून काळा कागद नाहीतर चकचकीत फॉइल चिकटवतात. तसं करू नये. तापून काच तडकण्याची भीती असते, आणि सकाळी तो कागद कुणी काढत नाही.

सकाळी उजेड लागतोच. शरीराचं घड्याळ रात्रीच्या अंधारावर जितकं चालतं तितकंच सकाळच्या उन्हावर. उठायच्या वेळी पडदा पूर्ण बाजूला सरकवायचा, हे त्या पडद्याच्या कामाचाच भाग आहे. तान्ह्या बाळाच्या खोलीबद्दल तर मी हट्टानेच बोलते. बाळंतिणीची खोली बंद आणि अंधारी ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण पहिल्या आठवड्यांत बाळाला कावीळ होते का, हे दिवसाच्या उजेडातच नीट दिसतं. कातडीचा पिवळेपणा अंधाऱ्या खोलीत लपतो. शिवाय पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र कळतच नाही. दिवसा उजेड आणि रात्री अंधार मिळाला तरच ते शिकतं. म्हणून बाळंतिणीसाठी कुणी ब्लॅकआउट मागितला तर मी साधा सुती पडदा देते आणि रात्रीपुरतं जाड कापड वेगळं.

गडद अंधारात लेकरू घाबरत असेल तर झिरोचा बल्ब लावावा, पण निळा-हिरवा नको, तांबडा नाहीतर पिवळा, आणि तोही फरशीजवळच्या प्लगमध्ये. रात्री उठलेल्या पोराला पाय कुठं पडतो ते दिसतं, खोली उजळत नाही.

राहिले रोलर ब्लाइंड. दिसायला सुबक, ओल्या फडक्याने पुसता येतात, हे त्यांचे गुण. खिडकीच्या चौकटीच्या आत बसवले तर नळीपेक्षा कापड अरुंद असल्यामुळे दोन्ही कडांना बोटभर पट्टी उजेड येतोच. म्हणून बाहेरून, भिंतीवर बसवावेत. झेब्रा नावाचे पट्ट्यापट्ट्यांचे ब्लाइंड पूर्ण अंधार करत नाहीत, ते मुलाच्या खोलीला घेऊ नयेत. पण माझा खरा विरोध आहे तो दोरीला. ब्लाइंड वरखाली करायची मण्यांची साखळी नाहीतर दोरी खिडकीशेजारी लोंबत असते, तिचा वेढा तयार होतो आणि पलंगावर चढलेल्या लहान मुलाच्या गळ्यात तो अडकू शकतो. आवाजही होत नाही. अमेरिकेत पाच वर्षांपर्यंतची साधारण नऊ मुलं दर वर्षी अशी जातात, असं तिथला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. डिसेंबर 2018 पासून तिथं दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड बिनदोरीचे किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचे असावेत असा दंडक आला, आणि 2024 पासून मापाने बनवून घेतलेल्यांनाही तो लागू झाला. ब्रिटन-युरोपात लोंबती दोरी जमिनीपासून दीड मीटरच्या वर राहावी लागते. आपल्याकडे दुकानदार साखळीवाला ब्लाइंड सरळ हातात देतो आणि आपणही घेतो.

मुलाच्या खोलीला स्प्रिंगचा बिनदोरीचा ब्लाइंड मिळत असेल तर घ्या. नसेल तर पडदा घ्या, ब्लाइंड नको. आणि ज्यांच्या घरी साखळीचा ब्लाइंड आधीच लागलेला आहे त्यांनी हे वाचून होताच उठावं, लेकराचा पलंग खिडकीपासून दूर ओढावा आणि भिंतीत दीड मीटरच्या वर एक हूक मारून ती साखळी त्यावर ताणून गुंडाळून ठेवावी. दुकानातून बिनदोरीचा येईपर्यंत तेवढं तरी आज रात्रीच करा.